फाटणारे घुमट

घुमट फाटल्याचा आवाज काही फार मोठा होत नाही. धातू फाटतो म्हणजे कानठळ्या बसत असतील असं लोकांना वाटतं. पण वाळकी काटकी मोडावी तसा नुसता ‘टक्’ आवाज येतो, आणि मग एवढ्या मोठ्या शेडमध्ये सगळे एकदम गप्प होतात. ताईंना त्या आवाजापेक्षा नंतरची शांतताच जास्त लागायची. कारण त्या शांततेत एकेक नजर हळूच त्यांच्याकडे वळायची.

त्या दिवशीही तसंच झालं. घुमट मोठ्या प्रेसखाली होता. आकार अगदी नेमका बसावा म्हणून शेवटचा हलकासा दाब द्यायचा होता, बस्स. टक्. कडेपासून वर वीतभर चीर गेली, वेल्डच्या अगदी शेजारून, शिवणीलगत कापड फाटावं तशी. प्रेस चालवणारे मिशीवाले दोन्ही हात वर करून उभे राहिले, जणू पोलिसांनीच पकडलंय.

“ताई, मी तर अगदी हळू...”

“तुमचं काही चुकलं नाही हो. हात खाली घ्या आधी. आणि मशीन बंद करा.”

ताई जवळ गेल्या, वाकून चीर पाहिली. जागा तीच, वळण तेच. मागच्या घुमटाचा फोटो आणून शेजारी धरला असता तर कुठला कोणता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी चष्मा काढला, पदराला नव्हे तर खिशातल्या कळकट फडक्याला पुसला, त्यामुळे तो आणखीच धुरकट झाला, आणि त्यावरूनही त्यांना राग आला.

या विभागाच्या त्या प्रमुख. काम काय, तर रॉकेटच्या इंधनटाकीची टोकं घडवायची. टाकी म्हणजे एक भलंमोठं पिंप समजा. त्याच्या तोंडांना सपाट झाकणं लावली तर आतल्या दाबानं ती फुगून उडून जातील, म्हणून दोन्ही बाजूंना घुमट लागतात. जाड सपाट तबकडी यंत्रावर गरगर फिरवायची, गॅसच्या ज्वाळांनी तापवायची आणि रोलरनं दाबत दाबत साच्यावर बसवायची. मग भट्टीत घालून चांगली कडक तापवायची, लगेच पाण्यात बुडवायची, म्हणजे तिच्या अंगात ताकद येते. नेहमीच्या ॲल्युमिनियमचे असे घुमट ताईंनी कितीतरी काढले होते, आणि ते वर जाऊनही आले होते. म्हणजे वर गेले होते; परत यायची त्यांची पद्धत नाही. पण टाकी जितकी हलकी, तितकं वर जास्त सामान नेता येतं, आणि जास्त सामान नेण्याची हाव कोणाला चुकली आहे? म्हणून नवा मिश्रधातू आला, लिथियम घातलेला. वजनाला हलका, ताकदीला भारी, आणि स्वभावानं महा खट. त्यातून एवढा रुंद पत्रा एकसंध मिळत नव्हता, म्हणून दोन पत्रे शेजारी ठेवून, वेल्ड करून, त्यातून तबकडी कापावी लागे. खोड होती ती त्या वेल्डपाशी.

ताई या धंद्यात आल्या त्या काही लहानपणापासून रॉकेटची स्वप्नं बघत नव्हे. वडील दवाखान्यात कंपाउंडर, घरात औषधांचा वास आणि तीन बहिणी. कॉलेजात हव्या त्या शाखेला जागा मिळाली नाही, धातुशास्त्राची एक जागा शिल्लक होती, ती घेतली. पहिलं वर्ष रडण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली धातूचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा पाहिला आणि आतले कण दिसले, फरशा बसवल्यासारखे एकमेकांना चिकटलेले. डोळा लावून त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की मागचा मुलगा कंटाळून निघून गेला. रडणं तिथे संपलं.

कारखान्यात आल्या तेव्हा त्या शेडमध्ये त्या एकट्याच बाई. बाईमाणसासाठी संडाससुद्धा नव्हता. त्यासाठी पार ऑफिसच्या इमारतीपर्यंत उन्हातून जावं लागे. वर्षभर त्या गेल्या. मग एक दिवस पाहुण्यांना कारखाना दाखवायला वरिष्ठ आले, आणि “इथे आणखी काय सुधारणा हव्यात?” असं त्यांनी सहज, उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारलं, तर ताईंनी पाहुण्यांच्या देखत मोठ्यानं सांगितलं. संडास बांधून झाला. त्या दिवसापासून पाठीमागे त्यांचं नाव ‘हातोडी’ पडलं. त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. पण गेल्या काही वर्षांत आपण हातोडी नसून तिच्याखालचा खिळा आहोत असं त्यांना वाटायला लागलं होतं.

घरी गेल्या की नवरा दारात विचारायचा नाही. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि चाळीस पोरांचा वर्ग सांभाळून त्याला एवढं कळलं होतं की काही प्रश्न तोंडानं विचारायचे नसतात. ताईंनी चपला कशा काढल्या यावरून तो ओळखायचा. नीट जोडीनं ठेवल्या तर बरं. एक दाराशी आणि दुसरी कोपऱ्यात गेली, की तो उठून मुकाट्यानं चहा ठेवायचा.

सासऱ्यांचं मात्र तसं नव्हतं. ते शिंपी. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान पुतण्याला देऊन घरी बसले, पण कात्री काही डोक्यातून गेली नव्हती.

“फाटला का आज?” त्यांनी खुर्चीतून विचारलं.

“फाटला, बाबा.”

“शिवणीलगतच?”

“हो.”

“सूनबाई, मी काय म्हणतो, कापड सरळ ताणू नये. तिरपं ताणावं. तिरपं ताणलं की ते ऐकतं.”

“बाबा, धातूला तिरपं नसतं.”

“नसतं कसं? सगळ्याला असतं. तुम्ही बघत नाही नीट.”

पहिल्यांदा त्यांनी हे सांगितलं तेव्हा ताई हसल्या होत्या. दुसऱ्यांदा समजावून सांगायला बसल्या होत्या. आता त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागल्या. बाहेर नवरा वडिलांना म्हणत होता, “बाबा, आज नको.” आणि बाबा म्हणत होते, “अरे, मी मदतच करतोय.”

मदत करणाऱ्यांना तोटा नव्हताच. नणंद फोनवर म्हणाली, “अगं, फाटतंय तर आतून पट्टी का लावत नाही?” इस्त्रीवाला म्हणाला, “ताई, जास्त गरम होत असेल.” यातलं इस्त्रीवाल्याचं म्हणणं खरं तर अगदीच चूक नव्हतं, आणि त्यामुळे ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण रोग काय आहे हे त्यांना केव्हाच कळलं होतं.

धातू रोलरखाली दाबला, वळवला की त्याच्या आत ताण साठून राहतो. तो ताण अंगात असताना तसाच भट्टीत टाकून एकदम भरपूर तापवला, की वेल्डपाशी कण फुगायला लागतात. एक कण शेजारच्या दहांना गिळतो आणि बटाट्याएवढा होऊन बसतो. म्हणजे बटाट्याएवढा नव्हे, पण बारीक रेतीत गोटा पडावा तसा. मग दाब आला की चीर त्या गोट्यांच्या कडेनं पळत जाते. ताईंनी कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली घालून शंभरदा पाहिलं होतं. औषधही त्यांच्या मनात होतं. मोठ्या तापाआधी घुमटाला मंद आचेवर नुसतं ठेवायचं. हळूहळू तापवायचा, बराच वेळ तसाच राहू द्यायचा, आतला ताण निवू द्यायचा, आणि मगच पुढे. त्याला त्या ‘विसावा’ म्हणायच्या.

घोडं अडलं होतं ते भट्टीपाशी. भट्टी एकच, आणि ती शेजारच्या विभागाशी वाटून घ्यायची. विसावा द्यायचा तर ती कितीतरी जास्त वेळ अडून राहणार.

मोठ्या साहेबांपुढे त्यांनी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. साहेब कधी चिडायचे नाहीत. आवाज चढवायचे नाहीत. समोरच्याचं म्हणणं पूर्ण होऊ द्यायचे, पेनाचं टोपण लावायचे आणि म्हणायचे, “बघू या.”

“साहेब, बघून झालंय. करून बघायला हवंय.”

“हो, हो. बघू या.”

माणूस भांडला तर त्याच्याशी भांडता येतं. ‘बघू या’शी कसं भांडणार? उशीला गुद्दे मारल्यासारखं. मारणाऱ्याचेच हात दुखतात.

दुसऱ्यांदा समितीपुढे मांडलं. समितीत शेजारच्या विभागाचे प्रमुख होते. ते म्हणाले, “मॅडम, तुमचा घुमट आराम करणार आणि आमची कामं बाहेर उभी राहणार?” सगळे हसले. विनोद चांगला होता, हे ताईंनाही मान्य करावं लागलं. आणि त्या विनोदावरच प्रस्ताव बारगळला. तिसऱ्यांदा मांडला तेव्हा कोणीतरी म्हणालं, “यावर मागे चर्चा झाली आहे ना?” झाली होती खरी. झालेली चर्चा म्हणजे मिळालेलं उत्तर, असा तिथे रिवाज होता.

मधल्या काळात घुमट फाटत राहिले. ताईंनी रोलरचा वेग बदलून पाहिला, साच्याला लावायचं वंगण बदललं, ज्वाळा पुढे घेतल्या, मागे घेतल्या. रोग एकीकडे आणि मलम दुसरीकडे. आपण हे नुसतं काहीतरी केल्याचं दिसावं म्हणून करतोय, हे त्यांना ठाऊक होतं, आणि मिशीवाल्यांनाही ठाऊक होतं. दोघं एकमेकांकडे न बघता काम करायचे.

“ताई,” एकदा मिशीवाले चहाच्या वेळी म्हणाले, “आता घरी बायको विचारते, आज किती फाडले? जसा काही मी त्याचाच पगार घेतो.”

“मग काय सांगता?”

“सांगतो, एकच. बाकीचे साहेबांनी ठेवून दिलेत उद्यासाठी.”

मग बाहेरून एक सल्लागार आले. पांढरे केस, हातात छत्री, बोलणं हळू. दोन दिवस शेडमध्ये फिरले, चिरा पाहिल्या, ताईंना फारसं काही विचारलं नाही. बैठकीत म्हणाले, “माझ्या मते मुख्य तापाआधी एक मंद ताप द्यावा. बराच वेळ. आतला ताण निघून जाईल.”

मोठे साहेब पुढे झुकले. “हे नवीन आहे. हे करून बघायला हरकत नाही.” शेजारच्या विभागाचे प्रमुखही म्हणाले, “भट्टीचं आपण जमवू.”

ताईंनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, पाणी प्यायल्या, ग्लास खाली ठेवला. तेवढंच करणं शक्य होतं. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं त्याची त्यांनाच खात्री नव्हती. मिशीवाले बैठकीत नसायचे. पण असते तर त्यांनी पुन्हा हात वर केले असते.

बैठक संपल्यावर सल्लागार व्हरांड्यात त्यांची वाट बघत उभे होते.

“रागावला असाल,” ते म्हणाले.

“नाही. आनंद झालाय. दिसत नाही का तोंडावर?”

“बाई, तुम्ही मागे एका परिषदेत यावर बोलला होतात. मी मागच्या रांगेत होतो. मला तिथूनच कळलं.”

“मग आत माझं नाव का नाही घेतलंत?”

त्यांनी छत्रीचं टोक फरशीवर टेकवलं. “घेतलं असतं तर ते म्हणाले असते, यावर चर्चा झाली आहे.”

खरं होतं. अगदी शब्दन् शब्द खरं होतं. त्यामुळे त्या म्हाताऱ्याचा धड रागही धरता येईना, आणि आभार मानायला जीभ वळेना. ताई म्हणाल्या, “चहा घेऊन जा,” आणि निघून गेल्या. त्या संध्याकाळी एक चप्पल दारापाशी पडली आणि दुसरी जिन्यातच राहिली.

विसावा दिलेला पहिला घुमट प्रेसखाली आला तेव्हा शेडमधले सगळे हातातलं काम टाकून जवळ आले. मिशीवाल्यांनी दाब दिला. थोडा आणखी दिला. मग ठरलेला पूर्ण दाब. काहीच झालं नाही. सगळे तसेच उभे, कान देऊन. न येणाऱ्या आवाजाची वाट बघायची म्हणजे किती वेळ बघायची? शेवटी ताईंनीच खूण केली, प्रेस वर गेली, आणि खाली घुमट अख्खा, स्वच्छ, दिव्यांचा उजेड अंगावर घेऊन बसलेला. मिशीवाल्यांनी त्याच्यावर हलकेच टिचकी मारली. भांड्यासारखा नाद आला. मग दुसरा घुमटही तसाच निघाला, आणि त्या आठवड्यात ताईंच्या चपला दाराशी अशा नीट राहिल्या की सासऱ्यांनी मुलाला विचारलं, “हिला बरं आहे ना?”

ते दोन घुमट दोन टोकांना जोडून टाकी पुरी झाली. आणि ती फोडायची होती.

हा नियम ताईंना पहिल्या दिवसापासून माहीत होता. नव्या धातूची पहिली टाकी वर जात नाही. तिच्यात पाणी भरायचं, दाब वाढवत न्यायचा, फुटेपर्यंत. किती दाबाला फुटली त्यावरून पुढच्या टाक्यांचा भरवसा. नियम बरोबर होता. ताईंनी स्वतः नव्या लोकांना तो कौतुकानं समजावला होता. पण माहीत असणं वेगळं. जाड भिंतीमागच्या खोलीत पडद्यावर आपले घुमट बघत, दाबाचा काटा चढताना बघत बसणं वेगळं. इतकी वर्षं न फाटणाऱ्या घुमटासाठी जीव काढला, आणि मिळाल्यावर त्यात पाणी भरून तो कधी फुटतोय याची वाट बघायची.

काटा ठरलेल्या रेषेच्या वर गेला. खूपच वर गेला. मग पडद्यावर नुसतं पांढरं पाणी दिसलं आणि भिंत हादरली. टाळ्या वाजल्या. फुटलं होतं ते मधलं पिंप, त्याच्या उभ्या जोडावर. घुमट दोन्ही शाबूत. साहेबांनी ताईंचा हात हातात घेऊन हलवला. भिंतीपलीकडे गेल्यावर दिसलं, वरचा घुमट उडून भिंतीवर आपटला होता आणि एका बाजूनं चेपला होता. जमिनीवर घोटाभर पाणी. ताई त्या पाण्यातच उकिडव्या बसल्या आणि वेल्डवरून बोट फिरवत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चीर नव्हती. मिशीवाले मागे उभे राहून डोळे पुसत होते. ताईंना रडू येत नव्हतं. चेपलेल्या बाजूकडे बघून त्यांना नुसता संताप येत होता, आणि तो कोणावर हे ठरत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बैठक झाली. साहेब आनंदात होते. वर न्यायचं सामान आता आणखी वाढलं होतं, म्हणून टाकीचा घेर वाढवायचं ठरलं होतं.

“तुमची पद्धत तर सिद्ध झालीच आहे, ताई,” साहेब म्हणाले. “आता फक्त आकार मोठा.”

“फक्त?”

“म्हणजे प्रमाणात...”

“फक्त?” ताई उभ्या राहिल्या. आपण उभ्या राहिलोय हे त्यांना खुर्ची मागे पडली तेव्हा कळलं. “साहेब, साचा नवा लागणार. रोलरची चाल नवी. तबकडी मोठी म्हणजे वेल्ड लांब, विसावा किती द्यायचा ते पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पुन्हा फाटणार. पुन्हा मी इथे येऊन सांगणार, पुन्हा तुम्ही बघू या म्हणणार, पुन्हा कोणी छत्रीवाला यायची मी वाट बघणार! मी बोललेलं कळायला तुम्हाला बाहेरचा माणूस लागतो. इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते? आणि जे दोन झाले, ते तुम्ही फोडलेत. नियमच आहे, माहीत आहे मला. नियम माहीत आहे म्हणून वाईट वाटत नाही असं नसतं!”

शेजारच्या विभागाचे प्रमुख टेबलाच्या लाकडातल्या रेषा बघत होते. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

“म्हणजे,” ते जपून म्हणाले, “तुम्ही हे काम करणार नाही?”

“करणार नाही कोण म्हणालं? मीच करणार. दुसरं कोण करणार आहे? पण मला ओरडू तरी द्या!”

साहेबांनी मान हलवली. मग म्हणाले, “विसाव्याचं तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत ते मला आठवतं. मी तेव्हाच करायला हवं होतं.”

ताईंना याची अपेक्षा नव्हती. त्यांनी पडलेली खुर्ची उचलली आणि बसल्या. हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. ही कबुली दोन-तीन वर्षांपूर्वी मिळाली असती तर कामाची होती. आता ती उन्हाळ्यात मिळालेल्या घोंगडीसारखी हातात घेऊन बसायची.

घरी गेल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. नवरा ऐकत राहिला. सासरे मात्र म्हणाले, “बरं केलंत. गिऱ्हाईकाला एकदा झापलं की पुढे माप नीट देतं.” या एका सल्ल्यावर ताईंनी भांडी घासली नाहीत.

नव्या मापाची पहिली तबकडी यायला बरेच महिने गेले. तोवर ताईंनी साचा करून घेतला, तुकड्यांवर विसाव्याचे प्रयोग केले, मिशीवाल्यांना नव्या रोलरची सवय व्हावी म्हणून जुन्या धातूवर हात बसवून घेतला. सगळं हवं तसं जमवलं. क्रेननं तबकडी उचलून आत आणली. ती एवढी मोठी होती की शेडमधली माणसं आपोआप मागे सरली. पहिल्या वेळी उष्णता नीट सगळीकडे पोचते का ते बघायला ती भट्टीत घालायची होती.

मिशीवाल्यांनी क्रेनवाल्याला हात दाखवून थांबवलं. ते भट्टीच्या दारापाशी गेले, तबकडीकडे बघितलं, पुन्हा दाराकडे बघितलं, आणि खिशातून टेप काढली. मग ती ताईंकडे दिली.

ताईंनी दार मोजलं. तबकडी मोजली. पुन्हा दार मोजलं. तबकडी दारापेक्षा हातभर रुंद होती.

एवढे नकाशे झाले होते, एवढ्या बैठका झाल्या होत्या, एवढ्या लोकांनी सह्या केल्या होत्या, आणि त्यात स्वतः ताईही होत्या. भट्टीच्या दाराचं माप कोणीच घेतलं नव्हतं.

“तिरपी घातली तर?” क्रेनवाला वरून ओरडला.

ताई तिथल्या एका लाकडी खोक्यावर बसल्या. “तिरपी!” त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग थांबेचना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, चष्मा काढावा लागला. मिशीवाल्यांना आधी काळजी वाटली, मग तेही हसायला लागले, मग सगळी शेडच. वर क्रेनवाल्याला काही कळत नव्हतं, तबकडी तशीच हवेत लटकत होती.

“खाली घ्या ती,” ताई शेवटी म्हणाल्या. “जपून. आणि साहेबांना कोणीतरी बोलवा. म्हणावं, इथे उभं राहून बघू या.”